‘काशे’मधली भीती टेपमध्ये नाही: घरातलं गुपित पडद्यासाठी कसं लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा: दिग्दर्शक मिखाएल हानेकेचा ‘काशे’ पाहिला, अंगावर काटा आला, पण दोन तासांत घडतं फारच थोडं. मग भीती येते कुठून? त्या टेप शेवटी पाठवतं कोण? आणि विचारणाऱ्याने स्वतः २५ मिनिटांची मराठी शॉर्ट फिल्म लिहिली आहे. आजोबांनी धाकट्या भावाचं नाव सातबाऱ्यावरून उतरवलं, हे गुपित घरात दोन पिढ्या दडलंय, आणि आता नातवाला धमकीची निनावी पत्रं येतायत. वाचणारे म्हणतात की यात भीती वाटत नाही. चुकतंय काय?

पुढे ‘काशे’ची सगळी गोष्ट उघड केली आहे, त्यामुळे ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा. २००५ चा चित्रपट, ११७ मिनिटांचा, कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळालेला. इंग्रजीत तो ‘हिडन’ नावानेही मिळतो. जॉर्ज आणि ॲन या जोडप्याच्या घरी निनावी व्हिडिओ टेप येऊ लागतात, त्यांच्याच घरावर नजर ठेवून घेतलेल्या. त्या जॉर्जला माजिदपर्यंत नेतात: त्याच्या बालपणी शेतघरी राहणारा, त्याच्या खोट्यामुळे अनाथाश्रमात गेलेला अल्जीरियन मुलगा, आता वयस्क.

टेपचा प्रश्न आधी मिटवू. कोण पाठवतं हे चित्रपट सांगत नाही. शेवटच्या शॉटमध्ये शाळा सुटलेली असते, पायऱ्यांवर गर्दी असते, आणि फ्रेमच्या डाव्या बाजूला माजिदचा मुलगा जॉर्जच्या मुलाशी, पिएरोशी, बोलताना दिसतो. बोलणं ऐकू येत नाही. नजर उजवीकडे असेल तर ही भेट निसटते, अनेकांची निसटतेच. यावरून दोघांनी मिळून हे केलं असा तर्क करता येतो, पण ही त्यांची पहिली भेट की दहावी, हेही कळत नाही. आणखी एक अडचण आहे. पहिली टेप ज्या जागेवरून घेतली असणार, तिथे जॉर्ज स्वतः चालत जातो आणि त्याला काहीच सापडत नाही. त्या अरुंद गल्लीत तिवईवर दोन तास कॅमेरा उभा राहिला आणि कुणाला दिसला नाही, हे शक्य वाटत नाही. हानेकेने ही गाठ मुद्दाम सोडवलेली नाही. लेखकाने ती सोडवत बसण्यात वेळ घालवू नये, कारण चित्रपटाचं इंजिन तिथे नाहीच.

इंजिन कुठे आहे ते पाहायचं तर एक साधी गोष्ट करा. कागद घ्या, चित्रपट पुन्हा लावा आणि कोण कुणाला धमकी देतं त्याची नोंद करत जा. टेपमध्ये पैशाची मागणी नाही, अट नाही, शिवी नाही, ‘तुला बघून घेईन’ नाही. सोबत येतात ती लहान मुलाने काढल्यासारखी चित्रं: तोंडातून रक्त येणारा मुलगा, मान कापलेला कोंबडा. उलट आवाज चढवतो तो प्रत्येक वेळी जॉर्जच. पोलीस ठाण्याबाहेर सायकलवाल्या कृष्णवर्णीय तरुणावर तो खेकसतो. माजिदच्या घरी जाऊन त्याला दम देतो. माजिदच्या मुलाशीही त्याच सुरात बोलतो. माजिद आणि त्याचा मुलगा मात्र जवळजवळ सगळा वेळ शांत, अदबीने बोलतात. प्रेक्षक पहिला तासभर बाहेरून येणाऱ्या संकटाची वाट पाहतो आणि मग हळूहळू त्याला कळतं की ज्याच्या बाजूने आपण घरात बसलोय, त्याच माणसापासून धोका आहे. दडलेला धोका याचा ‘काशे’मधला अर्थ हा आहे. तुमच्या पटकथेत अजून नसलेली गोष्टही हीच.

आता टेपांचा क्रम बघा. पहिली टेप रस्त्यावरून घर दाखवते. दुसरी त्याच घराची, पण रात्रीची, आणि चित्रात गुंडाळलेली. पुढची जॉर्जच्या बालपणीच्या शेतघरापर्यंत नेते, आणि ती घरी मित्रमंडळी जेवायला जमलेली असताना येते. नंतरची पॅरिसलगतच्या रोमाँव्हिल भागातल्या एका रस्त्यावरून सरकारी वसाहतीच्या लांब बोळात शिरते आणि एका दारापाशी थांबते. त्यानंतरची त्या दाराच्या आतली, जॉर्ज आणि माजिदच्या भेटीची. बाहेरचा रस्ता, जुनं घर, अनोळखी दार, दारामागची खोली. हिंसा वाढवलेली नाही, अंतर कमी केलंय. नवा लेखक इथे हमखास उलटं करतो: पहिल्या पत्रात इशारा, दुसऱ्यात शिवी, तिसऱ्यासोबत मेलेलं मांजर. त्याने किळस वाढते, भीती वाढत नाही, आणि चौथ्या पत्राला द्यायला काही उरत नाही.

अंतर कमी झालं की प्रत्येक वेळी जॉर्जला नवं खोटं बोलावं लागतं. खरी रचना ही आहे आणि ती अतिशय काटेकोर आहे. चित्र पाहून त्याला माजिद आठवतो. आपल्याला रक्ताळलेल्या तोंडाच्या मुलाची क्षणभर झलक दिसते, पण तो बायकोला, ॲनला, काही सांगत नाही. शेतघराची टेप आल्यावर तो म्हणतो की मला संशय आहे, पण कुणाचा ते आत्ता सांगणार नाही. ॲन चिडते ते याच वाक्यावर. त्यांच्या संसाराला पहिली चीर इथे जाते, टेपमुळे नाही. मग तो माजिदला भेटून येतो आणि ॲनला सांगतो की दार बंद होतं, कुणी नव्हतं. पुढची टेप त्याच भेटीची येते आणि ॲन ती पाहते. त्यात जॉर्ज निघून गेल्यावर माजिद कितीतरी वेळ रडत बसलेला दिसतो. आता जॉर्ज कबुली देतो, पण अर्धीच: माजिदचे आईवडील आमच्याकडे शेतावर कामाला होते, ते परतले नाहीत, माझे आईवडील त्याला दत्तक घेणार होते, मी सहा वर्षांचा होतो, मी चुगली केली. कसली चुगली, हे तेव्हाही बाहेर येत नाही. माजिद रक्त ओकतो असं आधी सांगितलं, डॉक्टरला काही सापडलं नाही, मग ‘वडिलांनी सांगितलंय’ म्हणून त्याला कोंबडा कापायला लावला आणि घरी येऊन सांगितलं की मला घाबरवायला त्याने तो कापला, हे सगळं अंधाऱ्या बेडरूममध्ये बाहेर येतं, माजिदने त्याच्यासमोर स्वतःचा गळा चिरल्यानंतर.

गुपिताचे तुकडे करताना हे प्रमाण लक्षात ठेवा. प्रत्येक कबुली आधीच्या खोट्यापेक्षा एकच पाऊल पुढे असते, आणि ती मागितल्यावर मिळत नाही, पकडलं गेल्यावर मिळते. पटकथेचा पहिला खर्डा झाला की चार रकान्यांचा तक्ता करा: प्रसंग, गुपित जपणाऱ्याला काय माहीत आहे, त्याने घरच्याला काय सांगितलं, प्रेक्षकाला काय कळलं. दुसरा आणि तिसरा रकाना सलग दोन प्रसंग तंतोतंत जुळले, तर त्या दोन प्रसंगांत भीती नाही असं खुशाल समजा. चौथा रकाना तिसऱ्याच्या थोडासा पुढे हवा. प्रेक्षकाला नवऱ्याएवढं कळायला नको, पण बायकोपेक्षा जास्त कळायला हवं. जॉर्ज फोनवर ‘कुणी नव्हतं’ म्हणतो तेव्हा आपण माजिदला पाहिलेलं असतं. खांदे आवळले जातात ते त्याच सेकंदाला.

जॉर्जचं स्वप्न सावकाश पाहण्यासारखं आहे. आईकडे शेतघरी मुक्कामाला असताना ते पडतं. लहानगा माजिद कुऱ्हाडीने कोंबड्याची मान उडवतो, रक्त चेहऱ्यावर उडतं, धड तडफडत राहतं, आणि मग तो मुलगा कुऱ्हाड घेऊन कॅमेऱ्याकडे, म्हणजे लहान जॉर्जकडे, चालत येतो. पहिल्यांदा पाहणारा हा प्रसंग पुरावा म्हणून घेतो: माजिद लहानपणापासूनच हिंसक होता तर. शेवटची कबुली ऐकल्यावर कळतं की जॉर्जने आईवडिलांना जे खोटं सांगितलं होतं, तेच आपण चित्ररूपात पाहिलं. सहा वर्षांच्या मुलाने रचलेली थाप चाळीस वर्षांत त्याची आठवण बनून बसली आहे. फ्लॅशबॅक वापरायचाच असेल तर असा वापरा: घडलेलं दाखवण्यासाठी नव्हे, गुपित जपणाऱ्याने स्वतःला काय पटवलंय ते दाखवण्यासाठी. खरं काय घडलं त्याचं चित्र हवं असेल तर हानेके ते अगदी शेवटी देतो, लांबून, एकाच स्थिर शॉटमध्ये: अनाथाश्रमाची गाडी आलेली, मुलगा पळतोय, मोठी माणसं त्याला धरून आणतायत. क्लोजअप नाही, चेहरा नीट दिसतही नाही. कुणीतरी अंधारातून पाहतंय एवढंच जाणवतं.

आईशी झालेलं बोलणं हे दुसरं शिकण्यासारखं ठिकाण. आईच्या भूमिकेतली ॲनी जिरार्दो अंथरुणात बसून बोलते. मुलगा माजिदचं नाव काढतो, ती विषय वाढवत नाही, ती आठवण सुखाची नव्हती एवढ्यावर सोडते. इथे गुपित कुणी लपवत नाही, फक्त कुणाला त्याची गरज वाटत नाही. घरातली गुपितं बहुतेक अशीच टिकतात, आणि कपाटाला कुलूप घालणाऱ्या म्हातारीपेक्षा ही म्हातारी कितीतरी भयानक आहे.

माजिदचे आईवडील परतले नाहीत, त्यामागे खरा इतिहास आहे. तो माहीत नसेल तर अर्धा चित्रपट हातातून जातो. अल्जीरियाचं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. ५ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसचा पोलीस प्रमुख मोरिस पापाँ याने अल्जीरियन लोकांवर रात्रीची संचारबंदी लादली. तिच्याविरुद्ध १७ ऑक्टोबरला एफएलएन या अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेच्या हाकेवर हजारो अल्जीरियन स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले. पोलिसांनी मारझोड केली, गोळ्या झाडल्या, माणसं सीन नदीत टाकली, अकरा हजारांवर लोकांना पकडलं. सरकारने तेव्हा मृतांचा आकडा दोन-तीनच सांगितला. इतिहासकारांचे अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या पुढेपर्यंत जातात. पापाँ पुढे मंत्रीही झाला. १९९८ मध्ये त्याला शिक्षा झाली ती वेगळ्याच गुन्ह्यासाठी, दुसऱ्या महायुद्धात बोर्दोहून ज्यूंना छळछावण्यांकडे धाडण्यात हात असल्याबद्दल. सीनवरच्या साँ-मिशेल पुलापाशी स्मरणफलक लागला तो २००१ मध्ये.

चित्रपटात हे सगळं जॉर्जच्या तोंडी दोन-तीन तुटक वाक्यांत येतं, जणू पाठ केलेली माहिती. कुणी भाषण करत नाही. घरातल्या मुलाचं खोटं आणि राज्याचं खोटं एकाच आकाराचं आहे, हे प्रेक्षकाने जोडायचं. मोठा विषय घरगुती गुपिताला जोडायचा तर लांबी एवढीच ठेवावी.

आता कॅमेरा. पहिला शॉट एका गल्लीतून समोरच्या घराचा. काही मिनिटं काहीच हलत नाही. बारीक अक्षरांत श्रेयनामावली चित्रावरच टाइप होत जाते, पक्षी ऐकू येतात, कुणीतरी समोरून जातं. मग चित्रावर दोन आवाज येतात, नवरा-बायकोचे, आणि थोड्या वेळाने चित्रावर टेप पळवल्याच्या रेषा उमटतात. आपण रस्ता पाहत नव्हतो, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर टेप पाहत होतो. हे शक्य झालं कारण सगळा चित्रपटच हाय डेफिनिशन व्हिडिओवर घेतला आहे. टेपमधलं चित्र आणि ‘खरं’ चित्र यांच्या पोतात फरकच नाही. त्यामुळे पुढे प्रत्येक स्थिर शॉट सुरू झाला की पोटात गोळा येतो: हे आपण पाहतोय की कुणीतरी चोरून घेतलंय? माजिदच्या खोलीतला शेवटचा शॉट आधीच्या चोरट्या टेपच्याच कोनातून आहे. पार्श्वसंगीत कुठेच नाही, म्हणजे काय वाटायचं ते सांगणारं कुणीच नाही.

स्वतः करताना इथे नेमक्या चुका होतात. टेपच्या चित्रावर लाल ठिपका, तारीख-वेळ, दाणेदारपणा किंवा काळ्या कडा चढवल्या की खेळ संपला. प्रेक्षकाला ‘ही टेप आहे’ अशी हमी मिळते आणि उरलेला चित्रपट सुरक्षित होतो. तीच लेन्स, तिवईची तीच उंची, तोच फ्रेमरेट, तेच कलर ग्रेडिंग ठेवा. २५ मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिला शॉट ५० ते ६० सेकंद धरा. त्याहून कमी धरला तर प्रेक्षक त्याला नुसता ओळख करून देणारा शॉट समजतो. सव्वा मिनिटाच्या पुढे न्यायचा तर फ्रेममध्ये किमान दोन छोट्या हालचाली हव्यात, एखादी सायकल, एखादं दार. आवाजात तर हमखास घोटाळा होतो. घरातल्या माणसांचे आवाज माइक जवळ ठेवून, कोरडे रेकॉर्ड करा आणि त्यांच्यासोबत खोलीचा स्वतःचा बारीक आवाज, पंखा किंवा फ्रीज, सोडा. रस्त्याचा आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून आल्यासारखा किंचित दबलेला ठेवा. संवादाला घुमारा राहिला तर लोकांना वाटतं की बोलणारे रस्त्यावरच कुठेतरी उभे आहेत, आणि फसवणूक उघड होण्याचा क्षण वाया जातो.

सगळ्याच फ्रेंच चित्रपटांची रीत ही नाही. क्लोद शाब्रोलचा ‘मेर्सी पूर ल शोकोला’ (२०००) उलट्या बाजूने जातो. लोझानमधली चॉकलेट कंपनीची मालकीण मीका, म्हणजे इझाबेल ह्यूपेर, घरच्यांना रोज रात्री स्वतःच्या हाताने हॉट चॉकलेट करून देते, आणि तिच्यात काहीतरी बिनसलंय हे आपल्याला फार लवकर कळतं. पाहुणी आलेली तरुण मुलगी एका तसबिरीच्या काचेतल्या प्रतिबिंबात पाहते की मीकाने चॉकलेट मुद्दाम सांडलं. ते प्रयोगशाळेत तपासल्यावर त्यात गुंगीचं औषध सापडतं. तिथे प्रश्न ‘कोण’ हा नाहीच, ‘एवढ्या आपुलकीने केलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं’ हा आहे. जेवण वाढणारं, औषध देणारं, पांघरूण घालणारं माणूस धोक्याचं असेल तर शाब्रोलकडे जा. गुपित कागदात किंवा आठवणीत असेल तर हानेकेकडे. तुमची गोष्ट उघडच दुसऱ्या जातीची आहे. दोन्ही एकत्र करू नका, २५ मिनिटांत मावणार नाही.

तर तुमची पटकथा. धमकीची पत्रं काढून टाका, मजकूरच नको. पाकिटातून फक्त कागद येऊ देत, आणि तेही सरकारी कार्यालयातून अर्ज करून काढता येतील अशा नकला. म्हणजे पोलिसांत जाऊन तक्रार करायला नातवाकडे काही राहत नाही. ‘काशे’मध्ये पोलीस हात वर करतात ते अशाच कारणाने. क्रम अंतर कमी करणारा लावा. पहिल्या पाकिटात आजचा सातबारा, घरातल्यांचीच नावं. दुसऱ्यात त्याच गटाचा जुना, हाताने लिहिलेला उतारा, आजोबांच्या नावाखाली आणखी एक नाव. तिसऱ्यात फेरफाराची नोंद. चौथ्यात हक्कसोडपत्र. धाकटे आजोबा शाळामास्तर होते हे आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या प्रसंगात, शाळेतल्या जुन्या फोटोवरून किंवा त्यांच्या सुंदर अक्षरातल्या एखाद्या वहीवरून, जाता जाता येऊन गेलेलं असू द्या. आणि हक्कसोडपत्रावर सहीच्या जागी नुसता अंगठा. त्यावर कुणी एक शब्द बोलू नये. कागद टेबलावर, नातवाची बायको तो वाचतेय, तिचं बोट अंगठ्यापाशी थांबतं, आणि नातू आतून विचारतो, ‘काय गं, वीजबिल आलं का?’

प्रत्येक पाकिटाला नातवाचं एक खोटं जोडा. पहिलं तो सहज कचऱ्यात टाकतो. दुसरं बायकोपासून लपवतो. तिसऱ्यानंतर गावी चुलत भावाकडे जाऊन येतो आणि ‘नाशिकला काम होतं’ म्हणून सांगतो. चौथं बायकोच्याच हाती पडतं. चुलत भावाला सुरा घेऊन दारात उभं करणारा तुमचा शेवट मात्र काढावा लागेल. तो ठेवला तर आधीची चोवीस मिनिटं खोटी पडतात, कारण नातवाची भीती खरी ठरते आणि त्याचं लपवणं माफ होतं. चुलत भावाने चहा विचारावा, बसायला खुर्ची द्यावी, पाकिटं मी पाठवली नाहीत म्हणून शपथ घ्यावी. आवाज चढवावा तो नातवाने.

पाकिटं कोण पाठवतं हे तुम्हाला, लिहिणाऱ्याला, ठरवून ठेवावं लागेल, जरी पडद्यावर सांगितलं नाही तरी. हाताने टाकलं की पोस्टाने, शिक्का कुठल्या गावचा, पत्ता टाइप केलेला की लिहिलेला, हे न ठरवता शूटिंगला गेलात तर प्रॉप्सवाला ठरवेल आणि चौथ्या पाकिटाचं अक्षर पहिल्याशी जुळणार नाही.

रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, झाला की गोष्ट माहीत नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका. बाराव्या मिनिटाला थांबवून विचारा की आत्ता काळजी कुणाची वाटते, आणि संपल्यावर विचारा की भीती कुणाची वाटली. दोन्ही वेळा उत्तर ‘नातवाची’ आलं तर एडिट लॉक करा, म्हणजे आणखी बदलू नका. दुसऱ्या वेळी ‘पाकीट पाठवणाऱ्याची’ असं आलं, तर तिसऱ्या पाकिटानंतरचं नाशिकचं खोटं दोन-अडीच मिनिटं अलीकडे आणून पुन्हा दाखवा.